सीतारामभाऊंचं वावर

दिवाळी सरली की सीतारामभाऊ रोज सकाळी घमेलं घेऊन वावरात वाकलेले दिसत. काळी जमीन सुकू लागली की तिला भेगा पडतात. वलगावच्या जमिनीत तर माघापर्यंत अशा भेगा पडत की हात कोपरापर्यंत आत जावा. भाऊ त्या मातीने बुजवत, वरून पाणी शिंपडत आणि पायाने चोपत. विहिरीजवळचा तो चांगला तुकडा त्यांनी आम्हा पोरांना फुटबॉल खेळायला मोकळा ठेवला होता. जाणारे-येणारे वावराच्या धुऱ्यावर, बांधावर थांबून विचारत, "सीताराम, काय लावून राहिला बे यंदा?"

भाऊ मान वर न करता म्हणत, "पोट्टे."

भाऊंचं घर माळ्याचं. वांगी, मेथी, कांदा पिकवून अमरावतीच्या बाजारात विकायचं, हा पिढीजात उद्योग. पहिल्या महायुद्धात मात्र ते इंग्रजी फौजेची खेचरं हाकायला पार इराकातल्या बसऱ्यापर्यंत गेले. तिथे गोरे शिपाई संध्याकाळी बॉल खेळत, तो खेळ त्यांच्या डोक्यात बसला. "घरची आठोन आली का ते लोकं बॉल काढत," ते सांगत. "मले वाटे, आपल्या पोट्ट्याईले हे कोनी काहून शिकवत नाई?" लढाईहून लोक काय काय घेऊन आले, भाऊ एक फाटका चामड्याचा बॉल घेऊन आले. गावच्या मोच्याने तो शिवला आणि आमचा खेळ सुरू झाला.

सुरुवातीला आम्ही सगळे बॉलमागे माश्यांसारखे धावत असू. भाऊंनी चुन्याच्या रेघा मारून वावराचे वाफे पाडले आणि प्रत्येकाला एकेक वाफा नेमून दिला. आपला वाफा सोडून कोणी भलतीकडे धावला की धुऱ्यावरून आवाज येई, "अरे, मेथीच्या वाफ्यात वांगं काहून घुसलं?" आणि कोणी बॉल पायाशी धरून बसला की, "बॉल तुह्या बापाचा नाई, दे त्याले!"

हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त वेळा किसनाला ऐकावं लागे. किसना भाऊंचा एकुलता एक मुलगा आणि माझा जिवलग दोस्त. तो हसून म्हणे, "बाबा, बॉल तं तुमचाच हाय!" मग भाऊंनाही हसू आवरत नसे. पायात वारा असलेला पोरगा होता. त्याच्याकडे बॉल गेला की विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायासुद्धा कळशी खाली ठेवत. त्याची आई, यमुनाकाकू, मात्र कधी वावराकडे फिरकली नाही. बाजाराच्या जुड्या बांधण्यातून तिला सवड नसे, आणि चांगलं वावर पडीक ठेवल्याचा रागही होता.

एका वर्षी अकोल्याच्या एका संघाने आम्हाला सामन्याला बोलावलं. आमच्यातल्या बहुतेकांनी बडनेऱ्यापलीकडचं जग पाहिलं नव्हतं. भाऊ तर हरखून गेले. "हारलो तरी चालते," ते म्हणाले, "पन अकोल्याच्या लोकाईले समजलं पायजे, वलगावात बॉल खेळतेत."

सामन्याच्या आधीच्या आठवड्यात बॉल उडून शेजारच्या वावरात गेला. तिथली कपाशीची पऱ्हाटी नुकतीच कापलेली, टोकदार खुंट जमिनीतून वर आलेले. किसना बॉल आणायला गेला आणि जरा लंगडत परत आला. भाऊंनी विचारलं, "काय रे?"

"काई नाई, काटा गडला," म्हणून तो पुन्हा खेळायला लागला.

काही दिवसांनी, सामन्याच्या आधीच, एका सकाळी त्याचा जबडा उघडेना. मान ताठली, पाठ कमानीसारखी वाकली. बैलगाडीत गवत पसरून आम्ही त्याला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तळवा पाहिला आणि धनुर्वात म्हणून सांगितलं. भाऊ त्याच्या उशाशी बसून एकच विचारत होते, "सांगतलं काहून नाई बाप्पा? मले सांगतलं काहून नाई?" दातखीळ बसलेल्या किसनाला उत्तर देता येत नव्हतं. तो नुसता बापाकडे पाहत होता. दुसऱ्या दिवशी तो गेला.

तेरवी झाली आणि काकू म्हणाली, "त्या वावरात पऱ्हाटी पेरा. मले तो बॉल दिसू देऊ नका."

भाऊंनी स्वतः बैल जुंपले आणि वावर नांगरलं. आम्ही सगळे धुऱ्यावर उभे होतो. चुन्याच्या पांढऱ्या रेघा नांगराखाली एकेक करून जाताना पाहत होतो.

पुढे मी अमरावतीला शाळेत मास्तर झालो, तिथे मुलांचा संघ उभा केला. बाजाराच्या दिवशी भाऊ भाजी विकून मैदानाच्या कडेला येऊन बसत. एकदा अकोल्याला सामना होता, तेव्हा मी त्यांना आग्रहाने बरोबर नेलं. आमची मुलं हरली. भाऊंनी बादलीभर पाणी मागून घेतलं आणि दोन्ही संघांच्या मुलांना बसवून ते एकेकाचा तळपाय धुऊन पाहत राहिले. अकोल्याची मुलं लाजून पाय मागे घेत. भाऊ म्हणत, "दाखव ना बापू. लपवू नको."

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते तापाने गेले.

मी काकूला भेटायला वलगावला गेलो. ती ओसरीवर बसली होती. मला समोर बसवून म्हणाली, "मास्तर, किसनानं मले सांगतलं होतं. पाय दाखवला होता. म्हने, मा, बाबाले सांगू नको, ते मले अकोल्याले नेनार नाईत. मी जखमेत हयद भरली अन् गप रायली." मग म्हणाली, "ते जन्मभर सोताले विचारत रायले, पोरानं सांगतलं काहून नाई. मले तोंड उघडता आलं नाई रे."

ती उठली, पदर सावरला. "चाल. मले वावर दाखव."

वावरात पऱ्हाटी कमरेइतकी आली होती, बोंडं फुटली होती. काकू धुऱ्यावर थांबली.

"किसना कोठी उभा राये?"

मी बोट दाखवलं. ती पऱ्हाटीच्या ओळींमधून हळूहळू आत गेली, आणि मी "तिथंच" म्हटल्यावर थांबली.