रंगाखालचा ठिपका

"अण्णा, साठच्या वर गेलं की गाडी बुडापासून थरथरते. चाकं दोनदा बॅलन्स केली, काही फरक नाही." चिकपेटचा हार्डवेअरवाला श्रीकांत पिकअपमधून उतरत म्हणाला. गाडी सतरा वर्षांची. तिची नस त्याच्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक.

यशवंतपूरला माझं गॅरेज आहे. खरं तर ते गोविंदमामांचं. माझ्या हातात पाना त्यांनीच दिला. मामी गेल्यापासून घर त्यांना खायला उठायचं. पंचाहत्तरीतही रोज सकाळी ते माझ्याआधी शटरपाशी हजर.

"स्वल्प चालवून बघू," मी म्हणालो. तुमकूर रोडवर साठच्या वर स्पीड नेला आणि गाडी न्यूट्रल केली. इंजिनाचा आवाज खाली आला, थरथर तशीच. म्हणजे दोष इंजिनात नाही. उरला प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब लोखंडी दांडा.

गाडी रॅम्पवर घेतली. शाफ्टला मधोमध पेलणारं सेंटर बेअरिंग ठीक. क्रॉस, म्हणजे शाफ्टचे सांधे, नवे कोरे; दसऱ्यानंतर आमच्याकडेच बदललेले. मग शाफ्टच्या रेषेत डोळा लावला. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा, दातेरी टोकं एकमेकांत सरकणारी. ती कुठल्याही दात्यावर बसतात, पण दोन्हीकडचे सांधे एका रेषेत आले नाहीत तर गाडी थरथरणारच. इथे दोन दाते चुकले होते.

ते काम मामांनी केलं होतं.

खरं तर ही चूक होऊ नये म्हणूनची शिकवणही त्यांचीच. दोन्ही तुकड्यांवर सेंटर पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, एकेक खोलगट ठिपका ठोकायचा, बसवताना ठिपक्यासमोर ठिपका आणायचा. या शाफ्टवर त्यांचेच जुने ठिपके होते. मामा ते बघायचेही नाहीत, अंगठ्याने चाचपून शोधायचे. काय हात आहे, असं आम्ही गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचो.

मी पॉलिश पेपर घासला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, श्रीकांतने गाडी खालपासून काळी रंगवून घेतली होती. एका तुकड्यावरचा ठिपका रंगाने बुजला होता. दोन दाते पलीकडे गंजाचा एक खड्डा होता, तेवढाच गोल. मामांच्या अंगठ्याला तो सापडला होता.

श्रीकांत चहाला गेला होता. मी गुपचूप शाफ्ट उतरवला, नीट बसवला. मामा मागे येऊन उभे राहिले.

"काय निघालं?"

"सेंटर बेअरिंग. नवं टाकलं."

"मग जुनं कुठाय?"

पन्नाशीचा मी, शाळेतल्या पोरासारखा पकडला गेलो. मामांनी हात वर शाफ्टकडे नेला. "ठिपका कुठाय, दाखव." मी त्यांचा अंगठा धरून आधी ठिपक्यावर ठेवला, मग गंजावर. ते दोन्ही पुन्हा पुन्हा चाचपत राहिले.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले, "कडेचं काही दिसत नाही. समोरचंही धूसर."

"सांगितलं का नाहीत, मामा?"

"सांगितलं असतं तर तू गाडीखाली जाऊ दिलं असतंस?"

श्रीकांत आला तेव्हा मामांनीच त्याला सांगितलं, "माझी चूक झाली, बाळा." तो बिचारा कानडी वळणाने "सरी, सरी, ठीक आहे, असू दे मामा" म्हणत राहिला. ट्रायलला गाडी ऐंशीला लोण्यासारखी चालली. मला ते अजिबात सुखाचं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर बरीच वाचली असती. मामांनी पंच माझ्या खिशात टाकला. त्यानंतर ते गॅरेजला आले नाहीत. शटर आता मी एकटाच उघडतो.

शाफ्ट रंगवताना ठिपक्यांवर चिकटपट्टी लावा. आणि जुना माणूस न बघता काम करू लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला दिसतंय ना, एवढं विचारा. मी रोज त्यांच्यापासून चार हातांच्या अंतरावर उभा होतो, विचारलं नाही.