गुलछडीला कुणाचा हात लागला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावकीत नाही, पारावर नाही. देवापुढंही बोललो नाही — त्याला माहीत असेल तर सांगायचं कशाला, आणि माहीत नसेल तर तो कसला देव? तुम्हाला सांगतोय. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. तेच बरं.

मी दुसरी शिकलेला माणूस. तीही निजामाच्या वक्ताला, निम्मी उर्दूत. अक्षर वाकडं येतं, येऊ द्या. पण आधीच सांगून ठेवतो — म्हातारा रडेल, पाया पडेल असं वाटत असेल तर कागद इथंच मिटा. मी त्यातला नाही.

आमचं गाव भालकीपासून दोन कोसांवर. जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, मोटारतळावरच्या पाट्या कानडी झाल्या, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी बिदरच्या एका बागवानाकडून गुलछडीचे गड्डे आणले, पोतंभर. शिकलेले लोक तिला निशिगंध म्हणतात. गाव हसलं — ज्वारीच्या रानात फुलं लावून नागू काय खाणार, वास? चार वर्षांत हसणं बंद झालं. बारा गावांत कुठंही लग्न निघालं की हार माझ्या गुलछडीचा. लोक म्हणायला लागले, नागोरावच्या हाताला गुण आहे. अंगणात, कुंडीत, फुटक्या घागरीत कुणाला गड्डा लावायचा झाला तर पहिला गड्डा माझ्या हातानं. मी जायचो. गड्डा खड्ड्यात ठेवायचो, माती सारायचो, नारळ काखेला मारून घरी यायचो. उगवला तर माझा हात, नाही उगवला तर त्यांची माती.

हात! माझ्या हातानं लावलेला गड्डा सडायचा. पहिल्याच वर्षी कळलं ते. मी खोल दाबायचो, आणि पाणी घालायला लागलो की माझ्यानं थांबवत नसे. सगळे गड्डे लावले अक्कानं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, काशीबाई. बाविसाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन माहेरी परत आली. मी लग्न केलं नाही — सगळ्यांच्या लग्नाला हार दिले, स्वतःच्या नाही. घरात आम्ही दोघंच. पेरणीच्या दिवसांत ती समोर आली तर लोक बैल माघारी वळवायचे, म्हणून रानात ती यायची नाही. तिनं डबे धरले. रॉकेलचे, तेलाचे, आडवे कापलेले पत्र्याचे डबे, परसात भिंतीआड ओळीनं. गड्डे राखेत घोळून सावलीत सुकवायची. एकेक अंगठ्यानं दाबून बघायची, मऊ लागला की बाजूला. टोक वर, वरून दोन बोटं माती, आणि कोंब दिसेपर्यंत पाणी नुसतं शिंपडायचं. मी घागर उचलली की म्हणायची, "नागू, ती म्हैस न्हाई. कामून एवढं पाजायलास?" कोंब वीतभर झाले की मी डबे गाडीत घालून रानात न्यायचो, डबा चिरून मातीसकट गड्डा वाफ्यात बसवायचो. लोकांना मी दिसायचो. ती महिन्यामहिन्यानं थोडे थोडे डबे लावायची, म्हणून ऐन वैशाखातल्या लग्नालाही आमच्याकडं फूल असायचं.

आता ऐका. आमच्या त्या बारा गावांत ज्यांच्या भिंतीवर आईबापाच्या लग्नाचा फोटू आहे, त्यांनी उठून बघावा. गळ्यातला हार विधवेच्या हातचा आहे. विधवेच्या सावलीनं लग्न बाटतं म्हणणाऱ्यांनी तो घालून मिरवला. काय बाटलं? कुणाचा संसार अडला? नातवंडं झाली तुमची. हे खोटं मी बारा वर्षं बोललो, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. ह्याची मला लाज नाही.

मग लाज कशाची? — तिकडंच चाललोय. पाय मागं ओढतात, तेवढं चालायचं.

गावातल्या बसप्पाच्या थोरल्या लेकीचं लग्न होतं. वैशाख. त्या साली जुने वाफे खणून गड्डे काढलेले, अक्का ते नव्यानं डब्यांत लावायली होती. हारापुरती फुलं आधी डब्यांतून रानात नेलेल्या झाडांना होती. लग्नाच्या आदल्या दिवशी बसप्पाची आई हार कुठवर आले ते बघायला आली आणि पाणी प्यायला म्हणून सरळ परसात गेली. अक्का डब्यांपुढं बसलेली, कोपरापर्यंत माती. म्हातारी तशीच माघारी फिरली. पाणीही प्याली नाही.

तासाभरात बसप्पा दारात, बरोबर चार माणसं. बसप्पा वाईट नव्हता. खालच्या आवाजात म्हणाला, "नागोराव, आई कायतरी बोलायलीय. खरं सांग, फुलाला कुणाचा हात लागला?"

अक्का आतल्या चौकटीला टेकून उभी. हात धुतलेले नव्हते.

मी म्हणालो, "तिची काय बिशाद? चुलीला माती लावायली होती ती. डब्याजवळ फिरकू देत न्हाई मी तिला."

बसप्पानं मान हलवली. "तू म्हणायलास तर व्हय." आणि वळला. विषय संपला. — हे नीट ध्यानात घ्या. संपला होता. हार शाबूत, लग्न शाबूत, माझं नाव शाबूत. आणखी काही कुणी मागितलं नव्हतं.

मीच त्या पाचांना थांबवलं. परसात नेलं. तिनं सकाळपासून लावलेले अकरा डबे होते. एकेक उचलला आणि मागच्या उकिरड्यावर पालथा केला. "हिची सावली पडली असंल नसंल, शंकाच नको. माझ्याकडं असलं चालत न्हाई." शेवटचा डबा लाथेनं उडवला.

"आरं, राहू दे की," बसप्पा म्हणाला. परका माणूस म्हणाला, राहू दे.

भीतीनं केलं म्हणाल, तर नाही. भीती तोवर गेली होती. मला त्या वेळी — थांबा, लिहितो — मला बरं वाटलं. बारा वर्षं माझ्या हाताची वाहवा ऐकत होतो, आणि घरी आलो की समोर एक माणूस, ज्याला खरं ठाऊक. ती कधी एका शब्दानं बोलली नाही. तेच मला सोसत नव्हतं. त्या माणसाला मी लोकांदेखत खाली बघायला लावलं.

अक्का आत गेली. हात धुतले, भाकरी टाकल्या. आठ दिवसांनी मी उरलेले गड्डे तिच्यापुढं नेऊन ठेवले.

"तू लाव की," ती म्हणाली. "हाताला गुण तुझ्या हाय."

त्यानंतर चौदा वर्षं जगली. मरेपर्यंत मातीत बोट घातलं नाही. दारच्या तुळशीलासुद्धा पाणी मी घालायचो.

गड्डे मी लावले. पावसाळ्यात सगळे सडले, रानातले आधीचेही. लोकांना सांगितलं, मातीत रोग आलाय. लोकांनी मानलं.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिलंच लग्न गावात आलं. हार सांगून गेले. माझ्याकडं एक दांडी नाही. आणि उकिरड्यावर ते अकरा डब्यांतले गड्डे, कसेही पडलेले, कुणी माती न सारलेले, शेणातून वर आले होते. कमरेइतके दांडे. असा माल मी बारा वर्षांत बघितला नव्हता. अक्का रोज सकाळी शेणाची पाटी तिथंच टाकायची. दांड्यांना धक्का लागणार नाही अशी, कडेकडेनं ओतायची. फुलाला हात लावायची नाही.

लग्नाच्या सकाळी मी विळा घेऊन गेलो आणि झाडून सगळे कापले. नवऱ्याचा मामा फुलं न्यायला आलेला, माझ्यामागं उभा राहून बघत होता. अक्का पाटी घेऊन समोर.

मामा म्हणाला, "रोग आला तरी हात तो हातच, नागोराव."

"व्हय," मी म्हणालो. "आपला हातच तसा हाय."

अक्का ऐकत होती. मी जुडी बांधली.