भेगेत हात घालणारी माही पोरगी आन शमीम आपा

शमीम आपाइची माही पयली ओळख भांडणातून झाली. त्याइच्या साठीच्या या गौरवग्रंथात मोठमोठे लोक त्याइच्याबद्दल लिवून राहिले. मी सातवी शिकलेली, दर्यापूरजवळच्या खेड्यातली बाई. मले जसं घडलं तसंच सांगता येते.

आपा अकोल्याच्या जुन्या शहरात राहतात. शाळेत शिकवत होत्या, आता लेकराइसाठी गोष्टीचे पुस्तकं लिवतात. यंदा त्याइले साठ वर्सं पुरे झाले. त्याइचं 'भेगेखालचं गाव' माह्या पोरीले, साक्षीले, शाळेतून वाचाले भेटलं. त्यात एक पोरगी उन्हाळ्यात काळ्या वावराच्या भेगेतून खाली उतरते. खाली दुसरंच जग. बैल बोलतात, कापसाच्या बोंडातून उजेड पडते, आन आपले गेलेले लोक तिथं राहतात. त्याइच्या आवडीची वस्तू वरून टाकली की खाली एक दिवा लागते.

पुस्तक भेटलं त्याच साली आमचा अंशू तापानं गेला होता. साक्षीचा लहान भाऊ. घरात त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. साक्षीनं इचारलं तं सासूबाई म्हणत, "देवाच्या घरी गेला, येईन." मी खाली मान घालून पोळ्या लाटत राहो.

मंग घरातून अंशूच्या वस्तू जाऊ लागल्या. भिंगरी गेली, कंगवा गेला, एक चप्पल गेली. एका सांजेले पाहतो तं साक्षी वावरात पालथी पडलेली, खांद्यापर्यंत हात भेगेत. तिथं साप राहतात, इचू राहतात. मी धावत जाऊन तिले मांगं ओढलं. एक लेकरू गेलं, आता हे बी जाते का काय! पोरगी खाईना, झोपीना. म्हणे, "आई, पाऊस आला का भेगा बुजतीन. मंग अंशू बाहेर कसा येईन?" सासूबाई म्हणाल्या, "हिले बाहेरचं लागलं." मले वाटे, पुस्तकच लागलं.

पुस्तक घेतलं आन अकोल्याची एसटी धरली. पत्ता शाळेतल्या बाईंनी देला. आपाइच्या दारातच मी सुरू झाली, "तुमी काहून लिवलं असं? माह्या पोरीचं डोकं फिरलं!" गल्ली गोळा झाली. आपा म्हणाल्या, "आधी बसा, पाणी प्या, मग भांडा. उभ्यानं भांडलं की दम लागतो." मी पाणी पेली आन बसून भांडली. साक्षीचं पावसाचं म्हणणं ऐकलं तवा आपाइनं कपाळाले हात लावला, "या अल्ला, हे तर माझ्या ध्यानातच नाही आलं!"

दुसऱ्या दिवशी आपा आमच्या घरी हजर. एसटीनं दर्यापूर, तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं. गुडघे दुखतात त्याइचे, तरी वावरात ढेकळावर साक्षीजवळ बसल्या. साक्षी एकदम बोलली, "तुमचं पुस्तक चुकलं."

"चुकलंच बेटा. मी शहरातली, भेगा पाहिल्या, बुजताना नाही पाहिल्या."

"मंग अंशू कसा येईन?"

आपाइनं तिचा हात हातात घेतला. "हे गाव मी मनानं बनवलं. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिच्यासाठी बनवलं. तुला त्यात अंशूला ठेवायचं असेल तर ठेव. पण बाहेर तो येणार नाही, बेटा. भेगा उघड्या राहिल्या तरी नाही."

माहा जीव उडाला. वाटलं, पोरगी आता हातची गेली. तिनं माह्याकडं पायलं. "आई, खरं?"

आपाइनं माह्या वतीनं उत्तर देलं नाई. मलेच म्हणा लागलं, "खरं."

"मले कोणी काहून नाई सांगतलं?" असं म्हणून ती जे रडली, जे रडली! अंशू गेल्यापासून पयल्यांदा. मी बी रडली. मंग नाक पुसत इचारते, "आन त्याची भिंगरी?" आपा म्हणाल्या, "राहू दे तिथंच. दिवा लागलेला आहे ना." त्या सांजेले साक्षी आपाइच्या ताटातली भाकर खाऊन राहिली होती आन सासूबाई त्याइले आग्रह करून करून ठेचा वाढत होत्या.

आपाइचा स्वभाव असाच हाय. लेकराशी खोटं बोलत नाईत. परतवाड्याच्या एका कार्यक्रमात एक साहेब म्हणाले, "लहान मुलांच्या पुस्तकात मरण कशाला?" आपा म्हणाल्या, "मी नाही आणलं साहेब. ते मुलांच्या घरात आधीच येऊन बसलेलं असतं." पुस्तक पुन्यांदा छापाच्या वक्ताले त्याइनं भेगा बुजाचा नवा धडा लिवला आन साक्षीले फोनवर वाचून दाखवला. "पास का नापास?" पोट्टी म्हणते, "बैल लय बोलते, कमी करा." त्याइनं खरंच कमी केलं!

आता मले पुन्हा दिवस गेले हायेत. लय भेव वाटते. रातीतून उठून साक्षीचं कपाळ पाहतो, ताप तं नाई ना. आपाइले फोनवर सांगतलं तं म्हणाल्या, "भीती तर राहणारच. तिला घेऊनच पोर वाढवायचं."

आपाइले लंबी उमर लाभो, गुडघे धड राहो, डोळे शाबूत राहो. येणाऱ्या लेकराले त्याच्या अंशूदादाचं मी सोता सांगीन, नाव घेऊन सांगीन. पण मोठं झाल्यावर ते पुस्तकातल्या चुका काढीन, त्याचं उत्तर आपाइलेच द्या लागन. तवरोक त्याइनं कुठी जाऊ नाई.