तुळशीरामच्या दारचे पाणी

तुळशीराम गेल्याची बातमी मला अमरावतीच्या कोर्टात, वकिलांच्या खोलीत, भर दुपारी कळली. अकोल्याचा एक तरुण वकील तारखेसाठी आला होता. कोट खुंटीला अडकवता अडकवता तो म्हणाला, "तुमचे ते मळेवाले मित्र आज पहाटे वारले." बडनेऱ्याला गाडी धरून मी अकोल्याला पोचेपर्यंत सगळे आटोपले होते. मग काही दिवसांनी शोकसभा झाली. सभेला अध्यक्ष होते, अध्यक्षांचा परिचय करून देणारे होते, परिचय करून देणाऱ्यांचे आभार मानणारेही होते; तुळशीरामला ओळखणारे मात्र बहुतेक खाली सतरंजीवर बसले होते. तिघा वक्त्यांनी त्याला 'बॅरिस्टर' म्हटले. चौथ्याने तो विलायतेच्या परीक्षेत चमकला असेही सांगून टाकले. तो बॅरिस्टर नव्हता, आणि शेवटच्या परीक्षेला तो बसलाच नव्हता. का बसला नाही, हे मला ठाऊक आहे. सभेत ते सांगण्यासारखे नव्हते, कारण सभेला चमकलेला माणूस हवा होता. म्हणून इथे लिहितो.

अकोल्याबाहेर मोर्णा नदीच्या काठी त्यांचा मळा. वांगी, मेथी, टमाटे, आणि एका अंगाला झेंडू-शेवंती. अकोल्यात कोणाचाही सत्कार व्हायचा तर हार तुळशीरामच्या वडिलांच्या, भिकाजीबुवांच्या हातचे. तुळशीराम शिकायला अमरावतीच्या बोर्डिंगात आला आणि आम्ही एका बाकावर बसलो, ते पुढे कॉलेजातही बसलो. पुढे त्याच्या समाजातल्या चार मोठ्या लोकांनी ठरवले की आपलाही एक मुलगा बॅरिस्टर झाला पाहिजे. माझ्या वडिलांनी ते ऐकले आणि माझेही ठरवून टाकले. तुळशीरामच्या निरोपाला नाटकगृहात सभा झाली. भाषणांत त्याला समाजाचा दीप, सूर्य आणि एकदा चुकून धूमकेतूही म्हटले गेले. भिकाजीबुवा हारांची टोपली देऊन मागे दाराशी उभे होते, त्यांना पुढे बोलवायचे कोणाला सुचले नाही. सभा संपल्यावर ते पोराजवळ आले. एकुलता एक पोरगा, बायको कधीच गेलेली, छातीत दमा. म्हणाले, "बालिस्टर हो का नको होऊ, मले त्यातलं समजत नाई. पन मी हाय तवर वापस ये." तुळशीराम हसला, पायांवर डोके ठेवले, "येतो ना बुवा," म्हणाला. बोटीवर पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आले की त्या दिवसाच्या सगळ्या बोलण्यातले त्याच्याबरोबर एवढे एकच वाक्य आलेले आहे.

लंडनात आम्ही एका विधवा बाईच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहिलो. खोलीत गॅसची शेगडी होती. तिच्या पेटीत नाणे टाकले की ती पेटायची, आणि आपण नीट ऊब धरू लागलो की विझायची. जेवणात उकडलेला बटाटा, उकडलेली कोबी, आणि रविवारी बदल म्हणून जास्त उकडलेली कोबी. तुळशीराम कोबीचे पान काट्याने उचलून पाहायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, "हिले मारून किती दिवस झाले असतील बे?" बॅरिस्टर होण्यासाठी कायद्याच्या संस्थेत ठरावीक पंगती जेवाव्या लागत. काळे झगे घालून लांब टेबलांशी बसायचे आणि न्यायमूर्ती होऊन गेलेल्यांच्या तसबिरींखाली सूप प्यायचे. पहिल्या पंगतीहून परतताना त्याने मला विचारले, "लेका, आपुन वकिली शिकाले आलो का तेरवी जेवाले?" पण अभ्यासाला तो माझ्याहून पुष्कळ चांगला होता. मला पाठ करावे लागे, त्याला समजत असे.

ही त्याची गंमत एरवीची. हिंदुस्थानचे टपाल यायचे त्या दिवशी तो सकाळपासून खिडकीशी असायचा. भिकाजीबुवांना लिहिता येत नव्हते, गावातले एक मास्तर त्यांची पत्रे लिहीत. मजकूर साधाच. वांग्याला कीड लागली, शेजाऱ्याची म्हैस व्याली, बाजारात मेथी पडून राहिली. शेवटी 'प्रकृती ठीक आहे.' तुळशीराम तेवढी शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचायचा. "हे बुढ्यानं सांगितलं का मास्तरनं आपल्या मनानं लिवलं?" मी म्हणायचो, "दोन्ही." तो म्हणायचा, "मास्तर सगळ्याच पत्रात लिवते. त्याचा हात तिथं पोचला की आपोआप लिवते." मग पत्र घडी करून ठेवताना एकदा बोलला, ते मी विसरलो नाही. "हे कागद निघून अडीच-तीन हप्ते झाले. पत्रातून बुढा मले शिळाच भेटते बे. ताजा कसा हाय ते कोनाले ठाव?" परदेशात राहण्याचे इतके नेमके वर्णन मी नंतर कुठे वाचले नाही. आपण ज्यांची काळजी करतो ते आपल्याला नेहमी मागच्या महिन्यातलेच भेटतात, आणि या महिन्यात काय होते आहे ते डोके भरून आपणच रचत बसतो. त्याचे रचणे चांगले नसायचे. थंडीत माझ्या छातीत कफ झाला तरी तो मधेच पुस्तक मिटून माझे खोकणे ऐकत बसायचा... माझे नव्हे, त्याला ते दुसऱ्याचेच ऐकू येत असावे.

शेवटच्या परीक्षेच्या आधीचा वसंत आला. एका आठवड्याला बुवांचे पत्र चुकले, पुढच्याही आठवड्याला आले नाही. नेमक्या त्या दिवसांत आमच्याकडचे एक रावबहादूर लंडनला आले. नाव लिहीत नाही. ते हयात आहेत आणि नाव छापले तर उत्तरादाखल भाषण करतील. कापसाच्या कसल्या परिषदेला आले होते आणि 'आपल्या मुलांची विचारपूस' हा त्यांच्या कार्यक्रमाचा एक भाग होता. एका दुपारी जरीचा फेटा, उपरणे, हातात चांदीची मूठ असलेली काठी अशा थाटात ते जिना चढून आले. आमच्या घरमालकिणीला वाटले एखादा राजाच आला, ती बिचारी जिन्याखाली उभीच राहिली. तुळशीरामने खुर्ची पुसली आणि आपल्याकडच्या रीतीने आधी पाण्याचा पेला आणला.

रावबहादूर उंबऱ्यावरच उभे होते. त्यांनी हाताने पेला नाकारला. "पाणी नको."

"चहा सांगतो, रावसाहेब."

"काही नको. बसत नाही मी." मग खोलीकडे, पुस्तकांकडे, आमच्याकडे नजर फिरवून त्यांनी आवाज खाली आणला. "मन घट्ट करायचं. घरची काळजी करायची नाही. जे व्हायचं ते होतच असतं. अभ्यासाकडे लक्ष द्या." आणि काठी टेकत ते उतरून गेले.

आमच्या वऱ्हाडात मयताची बातमी घेऊन एका गावचा माणूस दुसऱ्या गावी जातो, तेव्हा तो घरात बसत नाही आणि पाणी घेत नाही. दारात उभा राहतो. कितीही लांबून, कितीही उन्हातून आलेला असो, पाणी पुढे केले की हात आडवा करतो. मग त्याने तोंड उघडण्याआधीच घर समजून जाते. बायका रडायला लागतात, त्यानंतर तो नाव सांगतो.

तुळशीराम हातातल्या पेल्याकडे पाहत होता. "बुढा गेला," तो म्हणाला.

"कोण म्हणालं?" मी विचारले.

"तू व्हता ना इथं? घेतलं त्यानं पानी?"

कायद्याची दोन-अडीच वर्षे माझ्या डोक्यात होती. ऐकीव पुरावा, गृहीतक, सगळे पाठ होते. पण मीही वऱ्हाडातलाच. रावबहादूरांचा हात आडवा झाला तेव्हा मीही तेच समजलो होतो, आणि तुळशीरामने ते माझ्या तोंडावर वाचले. त्याने पाणी खिडकीबाहेर ओतले. मग खाली जाऊन गार पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली. घरमालकीण धावत वर आली. तिच्या घरात आंघोळीचा दिवस शनिवार, आणि हा तर बुधवार. मी तिला सांगितले, त्याचे वडील वारले. तिचा चेहरा पडला. "तार आली का?" तिने विचारले. मी काय सांगणार? नाही बाई, एका माणसाला तहान नव्हती?

तो जाजम बाजूला सारून नुसत्या फळ्यांवर बसला आणि मी रावबहादूरांच्या हॉटेलात गेलो. ते संध्याकाळच्या मेजवानीसाठी तयार होत होते. मी धापा टाकत विचारले, तुळशीरामच्या वडिलांना काय झाले.

"कोणाच्या वडिलांना?"

"भिकाजीबुवा. अकोल्याचे. मळेवाले."

"हां, तो हारवाला! त्याला काय होतंय? माझ्या निरोपाला हार त्यानंच आणले. दोन कमी आणले मात्र."

"मग तुम्ही पाणी का घेतलं नाही?"

रावबहादूरांनी कोपऱ्यात ठेवलेल्या पितळी घागरींकडे बोट केले. तोंडे कथलाचा डाख देऊन बंद केलेल्या. घरच्या विहिरीचे पाणी त्यांनी बोटीतून बरोबर आणले होते आणि या म्लेच्छांच्या देशात दुसरा थेंब घ्यायचा नाही असा त्यांचा नेम होता. परत गेल्यावर प्रायश्चित्ताचा प्रश्नच उरू नये. ते हे अभिमानाने सांगत होते. टेबलावर एक उघडी बाटली आणि अर्धा पेला होता. त्यात पाणी नव्हते, तेव्हा नेम मोडत नव्हता. "आणि ते, मन घट्ट करायचं..." मी म्हणालो. "ते मी सगळ्या विद्यार्थ्यांना सांगतो," ते म्हणाले.

मी जवळजवळ धावतच परत आलो. वाटले होते, तो हसेल, निदान शिव्या देईल. त्याने सगळे ऐकले आणि विचारले, "हार बुढ्यानं सोता आनले?"

"स्वतः आणले."

"खोकत व्हता का?"

ते मी विचारले नव्हते.

पुढच्या टपालाने पत्र आले. आजारी होते ते मास्तर, बुवा नव्हेत. तरी तुळशीरामचे चित्त काही ठिकाणावर आले नाही. जिन्यावर पाऊल वाजले की तो पुस्तकावरून मान उचलायचा. दूधवाला, कोळसेवाला, कोणीही. परीक्षा तोंडावर आली आणि एके सकाळी त्याने ट्रंक काढली. मी वाद घातला, चांगला दिवसभर घातला. महिन्याचा प्रश्न आहे, पेपर दे आणि मग जा. समाजाने पाठवले आहे. बुवांनाच काय वाटेल... तो कपडे भरत होता. शेवटी म्हणाला, "तुले कसं सांगू बे? त्या दुपारी मी बुढ्याले पोचवून आलो. समदं करून आलो. आता तो जिता हाय म्हनते, तर मी इथं बसून पेपर कायचा लिवू?" मी ट्रंकेचे झाकण दाबून धरले, त्याने कुलूप लावले.

बोटीवरचे ते दिवस कसे गेले ते त्याने मला कधी नीट सांगितले नाही. बोटीवर शिळी बातमीसुद्धा मिळत नाही. अकोल्याला उतरला तो कोणालाही न कळवता. मळ्यात भिकाजीबुवा वांग्यांच्या वाफ्यात पाणी सोडत होते. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, "आला? बरं झालं. त्या टोकाले पानी गेलं का पाय बरं." त्याने बूट काढले आणि पाहायला गेला. गेले होते.

याचा शेवट गोड करायचा मोह होतो, पण तसा तो नव्हता. समाजाची मंडळी फिरकेनाशी झाली. बुवांनाही लाज वाटली; चारचौघांत ते म्हणाले, "म्या बालिस्टर धाडला व्हता, वापस माळी आला." काही दिवस बाप-लेक एका मळ्यात राबत होते आणि बोलत नव्हते. गावात त्याला 'अर्धा बॅरिस्टर' नाव पडले. "पुरा होऊन तुमाले काय फीमंदी सूट देनार व्हतो?" असे तो उलट विचारायचा. बुवा त्यानंतर शेवंतीचे दोन हंगाम जगले. गेले ते पोराच्या मांडीवर डोके ठेवून, मळ्यातल्या खोपीत. जाण्याआधी त्यांनी त्याला काही सांगितले का, असे मी एकदा विचारले. "नाई," तो म्हणाला. "शेवंतीले पानी दे म्हने." अर्ध्या बॅरिस्टरीच्या बदल्यात एवढे मिळाले. कमी की जास्त, याचा हिशेब त्याने माझ्यासमोर कधी केला नाही.

त्याची एक खोड मात्र साऱ्या अकोल्याला ठाऊक होती. त्याच्या ओसरीवर माठ असे, आणि येणाऱ्याने पाणी प्यायल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. मित्र असो, गिऱ्हाईक असो, समन्स घेऊन आलेला कचेरीतला चपराशी असो. "आंधी पानी." लोक हसत. फार शिकल्याने असे होते, असे एक मत होते. निर्जळी उपास असलेली माणसे तर फाटकातूनच ओरडत, "भाऊ, उपास हाय! समदे जिते हायेत!" मी मात्र पाहुण्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहत असे. पेला पाहुण्याच्या ओठांना लागेपर्यंत तो श्वास रोखून धरायचा. घोट उतरला की मग, "हं, बोला."

परवा मी त्याच्या घरी गेलो. शोकसभेच्या गर्दीत त्याच्या पत्नीशी, वहिनींशी, बोलणे झाले नव्हते. वाटेत गाडीत चार शब्द जुळवून ठेवले होते, ओसरीवर बसताच ते सुरू केले. वहिनींनी हात वर करून मला थांबवले. आत गेल्या, तांब्या-पेला घेऊन आल्या.

"आंधी पानी घ्या, भाऊजी."

मी प्यालो. त्या समोर उभ्या राहून पाहत होत्या. पेला खाली ठेवल्यावर त्या खांबाला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "हं. सांगा आता. तिकडं समदे बरे हायेत ना?"

"सगळे बरे आहेत," मी म्हणालो.