पांढऱ्या चर्चपाशी फिरवायचं बटण

शेजारच्या ऑरिन थिबोची जुनी डिझेल गाडी गेली की रस्त्यावर बटाटे तळल्याचा वास रेंगाळायचा. गावातल्या खानावळीतलं वापरलेलं तेल तो आणायचा, कोठारात जुन्या जीन्सच्या कापडातून गाळायचा आणि गाडीला पाजायचा. "माझ्यापेक्षा तीच जास्त तळकट खाते," त्याची बायको लोर्ना म्हणायची, "आणि तिला डॉक्टर बोलत नाहीत!"

या तेलाचं एक पथ्य असतं. गाडी सुरू करायची डिझेलवर, तापली की बटण फिरवून तेलावर घ्यायची, आणि घर यायच्या आधी पुन्हा डिझेलवर. नाहीतर व्हरमाँटच्या थंडीत नळ्यांमधलं तेल तुपासारखं थिजतं. परतताना ऑरिन पांढऱ्या चर्चपाशी बटण फिरवायचा. गप्पांच्या भरातसुद्धा हात आपोआप जायचा.

जानेवारीत एका सकाळी गाडी सुरूच होईना. लोर्नाच्या डायलिसिसचा दिवस. मी माझी गाडी काढली.

"खानावळवाल्यानं चरबी मिसळलीय, चोर लेकाचा!" ऑरिन कुरकुरला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. लोर्नाची पिशवी काढायला मी त्याच्या गाडीत वाकले, तर बटण तेलाकडेच राहिलेलं. लोर्नानंही पाहिलं.

त्यानंतर चर्च दिसलं की ती म्हणायची, "ऑरिन, बटण."

"मीच बसवलंय ते. मला शिकवतेस?" तो चिडायचा, पण फिरवायचा.

"त्याचे डोळे, हात धड आहेत अजून," ती मला म्हणाली. "आठवण मी ठेवीन. गाडी काढून घेतली तर त्याच्यापाशी उरेल काय गं?"

मार्चमध्ये माझी गाडी दुरुस्तीला होती, म्हणून दवाखान्यातून त्यांच्याबरोबर परतत होते. पुढच्या सीटवर लोर्ना थकून डोळे मिटून पडली होती. चर्च आलं. तिला कशाला उठवा, म्हणून मीच म्हटलं, "ऑरिन, बटण."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

"कुठलं बटण?" त्यानं अगदी नम्रपणे विचारलं.

लोर्नानं डोळे न उघडताच हात लांबवला आणि बटण फिरवलं.

घरी पोचल्यावर तिनं किल्ली काढून आपल्या पिशवीत टाकली. "परवा तू नेशील ना मला?" तिनं विचारलं. मी मान हलवली.

कोठारात ऑरिन नवं तेल गाळायला बसला होता.