आंबट संत्र्यांची कोंबडी

ताईनं पहिल्या पगारातून पांढुर्ण्याच्या घरी ओव्हन आणला होता. बागेत गळून पडलेली कच्ची, आंबट संत्री चिरून तिनं मसाला चोळलेल्या कोंबडीसोबत एकाच ट्रेमध्ये भाजली.

"संत्रं कोणी कोंबडीत टाकते काय वं?" म्हणणाऱ्या आईनंच शेवटी ट्रेला चिकटलेला मसाला भाकरीनं पुसून खाल्ला.

आता ताई लग्न होऊन कॅनडात आहे. परवा मी तशीच कोंबडी केली आणि तिला व्हिडिओ कॉल लावला.

"काय करून राहिली?"

मी ट्रे दाखवला. ती हळूच म्हणाली, "माझी तंगडी ठेवजो."

मी हसले. आईनं मात्र एक तंगडी खरंच वाटीत काढून झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशीही आमच्यापैकी कोणाला ती खाववली नाही.