कोरड्या वर्षातली शीर

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती आणि लिंबागणेशच्या बाजूच्या त्या गावात प्यायचं पाणी टँकरनं यायचं. मी तेव्हा लॅब टेक्निशियन म्हणून नुकतीच लागले होते. बायकांचं रक्त तपासायचं शिबिर होतं आणि गावातली त्यातल्या त्यात गार जागा म्हणून दूध संस्थेची खोली मिळाली. सचिवांनी कॅन बाहेर काढले आणि फरशी पुसायला अर्धी बादली पाणी दिलं. त्या दिवसांत ही मोठी मेहेरबानी होती.

स्पिरिट, कापूस, सुया, जांभळ्या झाकणाच्या नळ्या मी टेबलावर मांडल्या. दंडाला बांधायचा रबरी पट्टा ओढून पाहिला, तर तुटला. सचिव उठले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून, धुऊन घेऊन आले.

"चालंल का, ताई?"

स्पिरिटनं पुसून मी ती आधी स्वतःच्या दंडाला बांधली. चांगली बसली.

पहिल्या काही जणींचं सहज झालं. मग एक मावशी बसल्या. पन्नाशीच्या, वाळलेल्या अंगाच्या. त्यांचा नवरा पाणाड्या, तळहातावर नारळ धरून विहिरीची जागा दाखवणारा. मी पट्टी बांधली, मूठ आवळायला सांगितली, सुई घातली. नळी कोरडी. दुसऱ्या हाताला घातली. तीही कोरडी.

"दोन बोअर फेल गेले," रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि खोलीभर हशा पिकला. मी सुई काढून कापूस दाबला.

"इहिरीला पाणी न्हाई, अन् तू माज्या अंगात कुठं खोदतीस?" मावशी म्हणाल्या. "मालकाला बोलावू का?"

मलाही हसू आलं. "मावशी, सकाळपासून पाणी किती प्यालात?"

"टँकरची वाट बघत व्हते. कुठलं पाणी?"

मग मी सुई बाजूला ठेवली. सचिवांना ताक मागितलं, चिमूटभर मीठ घालून मावशींना दोन पेले पाजले आणि भिंतीला टेकून, हात खाली सोडून बसवलं. तोवर बाकीच्यांचं उरकलं. पुन्हा त्यांच्यासमोर बसले तेव्हा विचारलं, "अजून एकदा बघू का?"

"बघ की."

या वेळी मी शीर डोळ्यांनी शोधलीच नाही. कोपराच्या बाहेरच्या अंगाला बोटानं चाचपत गेले. एका जागी दाबलं की पुन्हा वर येणारं, मऊ काहीतरी लागलं. सुई हळूच सरकवली आणि नळीत लाल धार उतरली.

"लागलं बाई पाणी," मागून आवाज आला. मी पट्टी सोडली, कापूस दाबला आणि रक्त गोठू नये म्हणून नळी हळूहळू उलटी-सुलटी केली. सगळ्या नळ्या संस्थेच्याच बर्फात ठेवून संध्याकाळी बीडला नेल्या.

तपासणीत मावशींच्या अंगात रक्त फारच कमी निघालं. हंडा उचलताना त्यांना धाप लागायची, ती कशानं ते तेव्हा कळलं. डॉक्टरांनी दवाखान्यात बोलावून नीट तपासलं, औषधं सुरू केली.

काही महिन्यांनी त्याच खोलीत पुन्हा शिबिर लागलं. मावशी सगळ्यात आधी आल्या, चेहऱ्यावर तरतरी घेऊन, आणि सोबत सुईला भिणाऱ्या धाकट्या जावेला धरून. तिच्या शेजारी बसून म्हशीच्या नव्या रेडकाचं असं काही कौतुक सुरू केलं, की नळी भरली तरी जावेला पत्ता नव्हता.

"झालं?" तिनं विचारलं.

"कवाच," मावशी म्हणाल्या, आणि रेडकाची गोष्ट पुढं चालूच राहिली.